ॲप बंद करणं फार सोपं असतं

चार लोकांसमोर बोलायची वेळ आली की पोटात गोळा बऱ्याच जणांच्या येतो. बोलायला लागल्यावर तो हळूहळू विरतो. काही जण मात्र ती वेळच येऊ देत नाहीत. बैठकीला दांडी मारतात, समारंभाला जायचं टाळतात, फोन वाजला तर वाजू देतात. टाळल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं आणि मेख नेमकी तिथेच आहे. ‘टाळलं म्हणून वाचलो’ हा धडा मेंदू पक्का करून ठेवतो. न टाळता काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही.

चिंताविकारावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ सगळ्यात जास्त झगडतात ते या टाळण्याशी. भीती स्वतःहून फार काळ टिकत नाही, टाळाटाळ तिला पोसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. इतक्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ कुठल्याच देशात नाहीत. मग उपचारच फोनवर आणले तर?

उपचार मुळात साधा आहे. त्याला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी पद्धत. अनोळखी माणसाशी बोलायची धास्ती असेल, तर आधी भाकीत लिहून काढायचं: ‘मी अडखळेन, तो हसेल, मला घाम फुटेल.’ मग जाऊन रस्ता विचारायचा आणि परत आल्यावर काय झालं तेही लिहायचं. घाम बहुधा फुटलेला असतो, पण हसलेलं कोणीच नसतं. हे वहीत होऊ शकतं, तसं स्क्रीनवरही होऊ शकतं.

स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन, पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. आठ-दहा आठवड्यांचे धडे आणि गृहपाठ इंटरनेटवरून द्यायचे, आणि प्रत्येक रुग्णाला दर आठवड्याला उपचारकाने दहा-पंधरा मिनिटं खर्चून लेखी उत्तर पाठवायचं. पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) आणि सामाजिक चिंता (लोकांत वावरायची धास्ती) यांच्या चाचण्यांमध्ये या पद्धतीचा परिणाम समोरासमोर बसून केलेल्या उपचाराच्या जवळपास बरोबरीचा निघाला. हे वाचून मी आधी चक्रावलो होतो. समोर बसलेल्या माणसाची जागा दहा मिनिटांचा मजकूर घेतो?

ही दहा मिनिटंही काढून टाकली की काय होतं, त्याचा अंदाज बाजारातल्या ॲप्सवरून येतो. मानसिक आरोग्याच्या ९३ लोकप्रिय ॲप्सचा वापर तपासणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. डाउनलोड केल्यानंतर तिसाव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं ३.३ टक्के, म्हणजे निम्म्या ॲप्समध्ये ते याहूनही कमी. कंटाळा हे एक कारण असेलच. पण चिंतेच्या बाबतीत मला दुसरंही दिसतं. वाचायचे धडे गोड लागतात. ‘आता प्रत्यक्ष फोन करा’ असा धडा आला की छातीत धडधडतं, आणि ॲप बंद करायला अंगठ्याची एक हालचाल पुरते. औषधच टाळता येतं! त्यात फोन हा आधीपासूनच लपायचा आडोसा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स यांनी १९९५ साली सामाजिक चिंतेचं जे प्रारूप मांडलं, त्यात अशा ‘सुरक्षेच्या’ वागण्याला महत्त्वाचं स्थान आहे: नजर चुकवणं, मनातल्या मनात वाक्यं घोळवणं. घोळक्यात उगाच फोनमध्ये डोकं घालणं त्याच जातीचं.

माणसावाचून काही जमतच नाही, असंही नाही. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ साली उंचीच्या भीतीवर एक चाचणी केली. भाग घेणारे होते १००. निम्म्यांना आभासी वास्तवाच्या हेडसेटमधून अर्ध्या-अर्ध्या तासाची काही सत्रं मिळाली आणि मार्गदर्शन करत होती एक संगणकी प्रशिक्षिका. या लोकांची भीती सरासरी दोन-तृतीयांशाने घटली. मात्र हेडसेट घालून तुम्ही उंच मजल्याच्या कठड्याशी उभेच असता, तिथे पळवाट कमी. खिशातल्या ॲपला तशी सोय नाही. आणि जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील, तर ॲपच्या भरवशावर अजिबात राहू नये, थेट डॉक्टर गाठावा.

स्वीडनमधल्या उपचारकांच्या त्या दहा मिनिटांच्या उत्तरात असतं तरी काय? संशोधक डेव्हिड मोर यांनी २०११ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते: ज्याच्यावर आपला विश्वास आहे असं कोणीतरी विचारणार आहे, ही जाणीवच माणसाला कामाला लावते. त्यासाठी मोठं मनोविश्लेषण लागत नाही. चौथ्या आठवड्यात दोन ओळी आल्या तरी चालतं: ‘मंगळवारी फोन करायचं ठरलं होतं. केलात का? नसेल, तर त्या क्षणी मनात काय आलं, तेवढं लिहा.’