उंधियू आणि आत्याचा आयएनआर
उत्तरायण झालं आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याचा आयएनआर ३ वरून १.७ वर आला. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतं याचं माप; आकडा जितका मोठा तितकं उशिरा गोठतं. निरोगी माणसाचा तो साधारण १ असतो. तिच्या हृदयात मायट्रल नावाच्या झडपेच्या जागी धातूची झडप आहे; तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून आत्याचा २.५ ते ३.५ हवा आणि त्यासाठी ती रोज गोळी घेते. गोळी एकही चुकली नव्हती. मग चौकशीत निघालं: आठवडाभर दोन्ही वेळ उंधियू, मेथीचे मुठिये, वर सढळ हाताने कोथिंबीर आणि हिरवा लसूण.

या गोळीला सगळे 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. रक्त पातळबितळ काही होत नाही. आत्याचं रक्त तुमच्याआमच्याइतकंच दाट आहे, फक्त गोठायला वेळ लावतं. गेल्या वर्षी मांजाने बोट कापलं तेव्हा पंधरा मिनिटं रुमाल दाबून बसली होती.

का, ते बघा. रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात. त्यांतल्या चौघांवर, म्हणजे २, ७, ९ आणि १० वर, बाहेर पडण्याआधी एक शेवटचा हात फिरतो: त्यांच्यातल्या ग्लुटामिक आम्लाच्या काही कड्यांना आणखी एकेक कार्बोक्सिल गट जोडला जातो. दोन ऋणभार शेजारी आले की त्यांचा चिमटा होतो आणि त्यात धनभारित कॅल्शियम बसतं. त्या कॅल्शियमच्या आधाराने घटक जखमेपाशी पेशींच्या पटलाला धरतो. चिमटा नसला तर तो रक्तात नुसताच हिंडतो. या जोडकामात व्हिटॅमिन के खर्ची पडतं आणि एक एन्झाइम ते पुन्हा कामाजोगं करतं. वॉरफेरिन काय किंवा आत्या घेते ती ॲसेनोकुमारॉल काय, त्या एन्झाइमलाच अडवतात. पण ताटातल्या हिरव्या पाल्यातून ताजं 'के' येत राहिलं तर अडवून उपयोग काय?

आधी बनलेले घटक मात्र रक्तात असतातच. सातवा काही तासांत निम्म्यावर येतो, दुसऱ्याला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून वॉरफेरिन सुरू केल्यावर पाचेक दिवस धीर धरावा लागतो. चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन करू नये, तेही यामुळेच.

मग हिरव्या भाज्या सोडायच्या? मुळीच नाही. रोज साधारण तेवढ्याच खा, म्हणजे डॉक्टरांना डोस त्या ताटाशी जुळवता येतो. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र मनाने घेऊ नका. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर थेट रुग्णालय गाठा. ॲपिक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. आणि 'दालचिनीचं पाणी प्या, गोळी सोडा' हा व्हॉट्सॲपवरचा उपाय पाठवणाऱ्याने स्वतःवर करून बघावा. वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं, हे खरं. १९५४ पासून ते माणसांना देतात. फरक मात्रेचा, आणि ती मोजण्याचा.

आत्या आता कॅलेंडरवर गोळीपुढे भाजीही लिहिते. फेब्रुवारीत आयएनआर २.८ आला. त्या दिवसापुढे लिहिलंय: 'मेथी, एक वाटी.'