पाणथरीच्या धमनीतला फुगा

पाणथरी, म्हणजे प्लीहा, म्हटलं की इंदुरातल्या जुन्या माणसांना मलेरियाच आठवतो. मी एक्स-रे विभागात होतो तेव्हाची गोष्ट. रामबागेतल्या एक बाई मुतखड्याच्या संशयावरून फिल्म काढायला आल्या होत्या. फिल्म ओलीच होती, तरी डाव्या बरगड्यांच्या खाली अंड्याच्या टरफलासारखं गोल, पांढरं कडं स्पष्ट दिसत होतं. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "पाणथरी वाढलीय का हो?" पाणथरी वाढलेली नव्हती. तिला रक्त पुरवणाऱ्या धमनीला फुगा आला होता आणि त्याच्या भिंतीवर कॅल्शियम चढलं होतं. कॅल्शियम चढलं म्हणजे भिंत पक्की झाली, असं मात्र समजू नये.

ही धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी वळणं घेत पाणथरीकडे जाते. पोटातल्या अवयवांच्या धमन्यांवर येणाऱ्या फुग्यांपैकी सुमारे 60 टक्के हिच्यावरच असतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा फुगा साधारण चौपट आढळतो. अनेक बाळंतपणं आणि यकृताच्या आजारात पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) वाढलेला दाब ही त्याची ओळखीची कारणं. स्वादुपिंडाला सूज येऊन भिंत खाल्ली गेली की होतो तो खोटा फुगा. तो लहान असला तरी भरवशाचा नाही.

त्याची पहिली नोंद 1770 सालची, बोसिए यांची, आणि तीही मृतदेहात सापडलेल्या फुग्याची. पुढची दीडेकशे वर्षं बहुतेक निदानं शवविच्छेदनाच्या टेबलावरच झाली. गरोदरपणात हा फुगा फुटतो हे 1869 मध्ये कॉर्सन यांनी नोंदवलं. ही नोंद आजही अंगावर काटा आणते, कारण गरोदर बाईला एकदम चक्कर आली, पोट दुखलं की सगळ्यांचं लक्ष गर्भाशयाकडेच जातं. वार सुटली असेल, गर्भाशय फाटलं असेल, असंच वाटतं. अशा वेळी आईच्या मृत्यूचं प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं आणि बाळ तर क्वचितच वाचतं. एरवी फुटल्यावरचं प्रमाण साधारण 25 टक्के.

यात एक विचित्र सवड मिळते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत रक्त आधी जठरामागच्या बंदिस्त पोकळीत साचतं. तिथून पोटात उघडणारं विन्स्लो यांच्या नावाचं भोक गुठळीने बुजतं, रक्तदाब सावरतो, आणि काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही, गुठळी सुटून रक्त पोटभर पसरतं. पहिल्या झटक्यानंतर "आता बरं वाटतंय, घरी जाऊ का?" असं रुग्ण विचारतो तो याच मधल्या वेळात. डाव्या कुशीतली कळ खांद्यात गेली होती का, हे विचारायचीही वेळ तीच.

जिवंत माणसात धमनी दिसू लागली ती 1929 नंतर. लिस्बनला दोस सांतोस यांनी पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून रंगद्रव्य सोडलं. ऐकूनच धडकी भरते. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तिच्यातून तार, तारेवरून नळी ही युक्ती काढली आणि जांघेतून आत शिरणं सोपं झालं. 1971 मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिला रुग्ण गेला. आज खाटेजवळच सोनोग्राफी करून पोटात रक्त आहे का ते पाहतात आणि रुग्णाची तब्येत सावरलेली असेल तर लगेच सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून धमन्यांचा सीटी) करतात. रक्तदाब ढासळत असेल तर स्कॅनची वाट न बघता थेट ऑपरेशन थिएटर.

पूर्वी उपाय एकच होता: पोट उघडून धमनी दोन्ही बाजूंनी बांधायची, आणि फुगा पाणथरीच्या तोंडाशी असला तर पाणथरीही काढायची. 1978 मध्ये प्रोब्स्ट आणि सहकाऱ्यांनी नळीतूनच फुगा बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. आता फुग्याच्या पलीकडे आणि अलीकडे, दोन्हीकडे धातूच्या तारेची बारीक वेटोळी, म्हणजे कॉइल, भरतात. फक्त अलीकडची बाजू बंद केली तर पलीकडून रक्त उलटं येऊन फुगा पुन्हा भरतो. मुख्य धमनी बंद झाली तरी जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्या पाणथरीला बहुधा जगवतात.

न फुटलेल्या फुग्यावर उपचार करायला पूर्वी 2 सेंमी ही मर्यादा मानत. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जरी सोसायटीने 2020 मध्ये ती 3 सेंमी केली, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईचा फुगा कितीही लहान असला तरी त्यावर उपचार करावा, असंच सांगितलं. रामबागेतल्या त्या बाईंना तेव्हा दोन मुलं होती आणि तिसऱ्याचा विचार चालला होता. फिल्म वाळायच्या आतच आमच्या साहेबांनी सर्जनला फोन लावला.