सॉफ्ट फोकस आणि हुकलेला फोकस

शंभर वर्षांपूर्वीच्या पोर्ट्रेटमधला तो दुधाळ मऊपणा पाहिला की वाटतं, फोकस जरासा हुकला असणार. करून पाहा. फोकस मुद्दाम थोडा सरकवून चेहरा टिपलात, तर हाती येतो नुसता पुसट चेहरा. पापण्या गेल्या आणि तेजही नाही.

फोकस हुकला की चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू पसरून चकती होतो, त्यामुळे नेमकी रेघ उरतच नाही. तो दुधाळ मऊपणा ज्यातून येतो, त्या सॉफ्ट फोकसच्या भिंगाचं तसं नसतं. त्यात एक दोष जाणूनबुजून ठेवलेला असतो: भिंगाच्या मध्यातून आलेले किरण एका जागी जुळतात, कडेचे मात्र थोडे अलीकडेच. म्हणून खाली रेखीव चित्र असतं आणि त्यावर उजेडाची साय धरते. अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र, लहान केलं की कडेचे किरण अडतात, साय निघून जाते आणि उरतो चांगला खणखणीत फोटो. बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी भिंगं घडवली. फ्रेड हॉलंड डे, अॅल्विन लँगडन कोबर्न यांसारखे पिक्टोरियलिस्ट, म्हणजे फोटो चित्रासारखा दिसावा असं मानणारे छायाचित्रकार, ती वापरत.

मऊपणा कॅमेऱ्यातच आलाय की नंतर प्रिंट करताना, हे ओळखायचं कसं? पांढरी कॉलर किंवा केसांची चमकती कड बघा. कॅमेऱ्यातच मऊ केलेल्या फोटोत उजेड काळोखात सांडतो. निगेटिव्हवरून प्रिंट करताना एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राखाली) जाळी धरली तर उलटं होतं, काळोख उजेडात उतरतो आणि चेहरा मळकट दिसतो. (फोनचा पोर्ट्रेट मोड या दोन्हींत बसत नाही, तो फक्त मागची भिंत पुसतो.)

गंमत अशी की या मऊपणाची आद्य मानकरी म्हणून जिचं नाव घेतात, ती छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमरॉन पुष्कळदा हुकलेल्या फोकसच्याच बाजूची. 1815 साली कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंच्या हाती कॅमेरा आला तो 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी. फोकस जुळवता जुळवता चित्र सुंदर दिसलं की तिथेच थांबायचं, पुढे भिंग फिरवायचं नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. टीकाकारांनी याला गबाळेपणा म्हटलं. मला तो निर्णय वाटतो, आणि भलताच धीट.

त्यात एक्स्पोजर कधीकधी काही मिनिटांचं. त्यामुळे त्यांच्या एखाद्या फोटोतली कड एकाच दिशेला सरकलेली दिसली, तर दोष भिंगाचाही नाही आणि फोकसचाही नाही. समोरच्याने मान हलवलेली असते.