मधुमेह प्रश्नावलीचे अनुकूलन (ठाणे–नवी मुंबई)

मधुमेही व्यक्ती आहार, व्यायाम, औषधे, साखरेची तपासणी आणि पायांची निगा कशी सांभाळते, हे मोजण्यासाठी एका समाजात तयार झालेली प्रश्नावली दुसऱ्या भाषेच्या आणि राहणीच्या लोकांना लागू पडेल अशी करण्याची प्रक्रिया. भाषांतर हा त्यातला सोपा भाग.

रूढ पद्धत बीटन व सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांतून एक मसुदा ठरतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोघे तो मूळ भाषेत परत नेतात. तज्ज्ञ समिती तफावती मिटवते आणि मग ३० ते ४० जणांवर चाचणी होते. उलट भाषांतरात शब्दांच्या चुका सापडतात. राहणीतल्या अडचणी मात्र चाचणीतच कळतात, म्हणून ती घाईत उरकू नये.

टूबर्ट, हॅम्पसन आणि ग्लासगो यांची स्वनिगा मापिका (सुधारित, २०००) ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ असे विचारते. त्या सात दिवसांत श्रावणी सोमवार आणि एकादशी आली, तर ठाण्यातल्या आजी ‘पथ्य पाळलं’ म्हणून मोकळ्या होतात. ताटात मात्र साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. उपासाचा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. तो मूळ गुणांत मिळवायचा नाही, नाहीतर इतर देशांतल्या निकालांशी तुलना करता येत नाही. स्निग्ध पदार्थांची मूळ उदाहरणे, म्हणजे लाल मांस आणि सायीसकट दुधाचे पदार्थ, नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात अपुरी पडतात. तिथे तळलेल्या मासळीचेही नाव घ्यावे लागते.

व्यायामाच्या प्रश्नात घरकाम आणि नोकरीतले श्रम वगळून मुद्दाम केलेला व्यायाम विचारला आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटेपासून पोती वाहणारा माथाडी याचे उत्तर ‘शून्य’ देतो, आणि ते बरोबरच असते. एकूण हालचालीचा आधीचा प्रश्न सोबत वाचला नाही, तर तो आळशी ठरेल. बुटाच्या आत पाहता का, हा प्रश्न चपलेलाही लागू करावा. पाय बधिर झाला असेल तर आतला खडा टोचलेलाही कळत नाही.

मधुमेहामुळे मनावर येणारा ताण मोजणाऱ्या ‘पेड’ (PAID, प्रॉब्लेम एरियाज इन डायबिटीज) मापिकेत २० प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण असतात आणि बेरजेला १.२५ ने गुणून शंभरापैकी आकडा काढतात. घरच्यांची साथ मिळते का, असाही एक प्रश्न त्यात आहे. ओपीडीत बहुतेकदा सूनच सासूबाईंचा फॉर्म भरत असते; अशा वेळी ‘घरचे खूप करतात हो’ याखेरीज दुसरे उत्तर येणे कठीण. रुग्णाला बाजूला घेऊन, एकट्याने विचारणे हाही अनुकूलनाचाच भाग धरायला हवा.

नंतर विश्वसनीयता तपासतात. क्रोनबाख गुणांक, म्हणजे एकाच मापिकेतल्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.७० च्या पुढे असला की सहसा समाधानकारक मानतात, आणि काही दिवसांनी त्याच लोकांना पुन्हा विचारून उत्तरे टिकतात का ते पाहतात. उत्तरांची सांगड गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सी चाचणीशीही घालतात. ही सांगड सैल निघाली तर लगेच मराठी मसुद्याला दोष देऊ नये; औषध, वय आणि आजाराची वर्षे यांचाही त्या आकड्यावर परिणाम होतो.