सीडीवरचं स्टिकर आणि वेगाचा वर्ग

काही भजनी मंडळं आणि लग्नाचं शूटिंग करणारे अजूनही घरीच सीडी भरून विकतात. वर फोटो छापलेलं गोल स्टिकर असतं. मग गिऱ्हाइकाची तक्रार येते: प्लेअरवर चालते, कॉम्प्युटरवर घरघरते. विकणारा म्हणतो, तुम्हीच खाली चरे पाडले असतील.

खालचे बारीक चरे सीडी बऱ्यापैकी सोसते. लेसर 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट प्लास्टिक ओलांडून जातो. माहिती असते पार वर, लेबलच्या बाजूला, आणि तिच्यावर लॅकरचा, म्हणजे संरक्षक रोगणाचा, थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नाजूक बाजू ती. तिथे बॉलपेन दाबून चालवू नये.

पण घरघर येते कुठून? गाणी वाजवताना सीडी मिनिटाला 200 ते 500 फेरे घेते. वेगवान कॉम्प्युटर ड्राइव्हमध्ये तीच 10,000 च्या आसपास जाते. समजा, दीड ग्रॅमचं स्टिकर मध्यापासून फक्त 1 मिलिमीटर सरकून चिकटलंय. लागणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले सरकलेलं अंतर गुणिले कोनीय वेगाचा (सेकंदाला किती कोन फिरते त्याचा, रेडियन या एककात) वर्ग. 10,000 फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला सुमारे 1,047 रेडियन, त्याचा वर्ग जवळपास 11 लाख. गुणाकार केला की येतात 1.6 न्यूटन, म्हणजे साधारण 160 ग्रॅमचं वजन, सेकंदाला 167 वेळा दिशा फिरवत ओढणारं! 500 फेऱ्यांना वेग विसाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून बल चारशेव्या. अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. प्लेअरला पत्ताच लागत नाही. इकडे लेसरला मात्र 1.6 मायक्रॉन अंतरावरच्या, माहिती लिहिलेल्या रेघांपैकी नेमकी एक धरून ठेवायची असते.

शिवाय पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, सुकला की आकसतो. प्लास्टिक तेवढं हलत नाही, मग तबकडीच किंचित वाकते. डीव्हीडीच्या रेघा 0.74 मायक्रॉनवर, त्यामुळे तिला हे आणखी जड जातं.

सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवली की आवाज सुधारतो, असं सांगणारे शौकीनही होते. माहिती शून्य आणि एकच्या रूपात असते. कडेच्या रंगाने ती गोड होत नाही.

विकायच्या तबकड्यांसाठी वरून पांढऱ्या, इंकजेटवर छापता येणाऱ्या कोऱ्या सीडी घ्याव्यात. नग थोडेच असतील तर सीडीसाठीचा, पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा पेन पुरे. नंबर मधल्या पारदर्शक कड्यावर टाकावा. आधीच चिकटवलेलं स्टिकर मात्र सोलू नये, त्याच्याबरोबर चांदीचा थरही निघून येऊ शकतो. गिऱ्हाइकाला नवी प्रत द्यावी.