गाडी घेऊन इंग्लिश खाडीपलीकडे : आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिना लागला की आमच्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना घेऊन गाडीनेच स्वित्झर्लंडला जायचंय. किंवा मुलांच्या शाळेला सुट्टी लागतेय, पॅरिसला जाऊन येतो म्हणतोय. त्यापुढचा प्रश्न एकच असतो : "गाडीला काय काय लागतं?" फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून हे लिहून काढलं आहे.

आधी एक विनंती. दुकानांत आणि ऑनलाइन ‘युरोपियन ड्रायव्हिंग किट’ म्हणून एक पेटी मिळते. ती घाईने घेऊ नका. तिच्यातल्या दोन-तीन वस्तू खरोखर लागतात, एखादी कधीच बाद झालेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेडलाइटचं. ते पेटीतल्या स्टिकरने प्रत्येक गाडीत होतंच असं नाही.

हेडलाइट

ब्रिटनमधल्या गाडीचा डिप लाइट दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, तो खाली दाबलेला असतो. डावीकडे तो थोडा वर चढवलेला असतो, कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, रस्त्याची पाटी अंधारात दिसावी म्हणून. भिंतीसमोर गाडी उभी करून लाइट लावला की ही चढती रेघ स्पष्ट दिसते. कोणाला बघायची असेल तर आम्ही दाखवतो. भारतातल्या गाड्यांचंही असंच असतं, कारण दोन्हीकडे गाडी डावीकडून चालते.

डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा जेमतेम ३३ किलोमीटर. पण कॅलेला उतरलात की गाडी उजवीकडून, आणि तोच चढता झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा हे केलं नव्हतं. रात्री कॅलेहून रेम्सकडे जाताना गावातल्या रस्त्यावर समोरचा जवळजवळ प्रत्येक जण मला डिपर मारत होता. हाय बीम चालू राहिला की काय म्हणून मी तीनदा बघितलं. कारण कळलं ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री मी किती जणांचे डोळे दिपवले, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. त्यामुळे आमच्याकडून खाडीपलीकडे जाणारी गाडी हेडलाइट बघितल्याशिवाय आम्ही सोडत नाही.

तुमच्या गाडीत काय करायचं हे दिव्याच्या जातीवर ठरतं. साधा हॅलोजन असेल तर काचेवर लावायचे स्टिकर चालतात, पण ते नेमक्या जागी बसायला हवेत. पाकिटासोबत गाडीच्या मॉडेलप्रमाणे आकृती येते, ती बघूनच लावा. अंदाजाने लावलेल्या स्टिकरने झोत वळत नाही, नुसता अंधार होतो. झेनॉनच्या काही गाड्यांत दिव्याच्या मागे एक छोटी कळ असते, बॉनेट उघडून ती फिरवायची. नव्या एलईडी गाड्यांत बहुतेक वेळा हे काम स्क्रीनवरच्या मेन्यूतून होतं. कोणी त्याला टूरिस्ट मोड म्हणतं, कोणी ट्रॅव्हल मोड, कोणी उजवीकडची वाहतूक. मॅट्रिक्स एलईडीत झोत कित्येक बारीक तुकड्यांचा बनलेला असतो, तिथे स्टिकर लावून उपयोग नाही. काही गाड्यांना काहीच करावं लागत नाही आणि काहींना डीलरकडेच न्यावं लागतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे पान असतंच. सापडत नसेल तर गाडी घेऊन या.

सहा माणसं आणि डिकीभर सामान असेल तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे आपोआप वर उचलले जातात. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलायचं चाक आहे, त्यांनी ते वापरावं. टायरमधली हवाही पूर्ण भाराची ठेवा. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो.

मागच्या फॉग लाइटबद्दल बरेच जण विचारतात. ब्रिटिश गाडीत तो एकच असला तर उजवीकडे किंवा मध्ये असतो, पलीकडच्या गाड्यांत डावीकडे. फिरायला जाणाऱ्याला तो बदलावा लागत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

यूके ही दोन अक्षरं

२८ सप्टेंबर २०२१ पासून गाडीवरची ‘जीबी’ ही ओळख जाऊन तिथे ‘यूके’ आली. नंबर प्लेटवर युनियन जॅकसोबत यूके लिहिलेलं असेल तर बहुतेक देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. प्लेटवर जीबी असेल, युरोपियन युनियनचे तारे असतील, इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्सचा झेंडा असेल, किंवा काहीच नसेल, तर मागे यूके स्टिकर लावायचा. स्पेन, सायप्रस आणि माल्टा इथे प्लेट कशीही असो, स्टिकर लागतोच. जुना जीबी स्टिकर काढा किंवा झाका. आयर्लंडला जाणाऱ्यांना यातलं काही नको.

कागदपत्रं

फोटो असलेलं पूर्ण ब्रिटिश लायसन्स, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आणि मूळ व्ही५सी, म्हणजे इथलं आरसी बुक. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो नाही. घर बदललं असेल तर व्ही५सीवरचा पत्ता आधी बदलून घ्या. नवा कागद स्वॉन्झीहून पोस्टाने येतो, त्याला वेळ लागतो.

गाडी लीजवर किंवा कंपनीची असेल तर व्ही५सी तुमच्याकडे नसतं. मग गाडीच्या मालक कंपनीकडून व्हीई१०३ हा कागद मागायचा. तो निघायच्या आदल्या दिवशी मिळत नाही, हे दरवर्षी कोणाच्या तरी बाबतीत घडतं. पीसीपीवर, म्हणजे हप्त्यांच्या फायनान्स करारावर, गाडी असेल तर व्ही५सी तुमच्या नावावर असतं, पण फायनान्स कंपनीची परवानगी लागते का, हे कराराच्या कागदात बघा.

इन्शुरन्ससाठी हिरवं कार्ड, म्हणजे परदेशातही विमा असल्याचा पुरावा, युरोपियन युनियनमध्ये २ ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. तुर्कस्तान किंवा अल्बेनियापर्यंत जाणार असाल तर लागतं. मात्र कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असली तरी पलीकडे गेल्यावर ती निव्वळ थर्ड पार्टी होऊन बसते, असं पुष्कळ पॉलिसींत असतं. कंपनीला ईमेल करून विचारा : कोणते देश, किती दिवस, पूर्ण कव्हर आहे का? उत्तर लेखी घ्या.

एमओटी, म्हणजे गाडीची इथली वार्षिक तपासणी, प्रवासाच्या मध्येच संपणार असेल तर आधीच करून घ्या. गाडी परदेशात असताना एमओटी संपली तर घरी परतताना ती फक्त आधी वेळ ठरवलेल्या टेस्टपर्यंत चालवता येते.

भारतीय लायसन्सवाल्यांसाठी : ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण ती सवलत ब्रिटनपुरती आहे. पलीकडे त्या त्या देशाचा नियम लागू. आंतरराष्ट्रीय परवाना ज्या देशाचं लायसन्स त्याच देशात मिळतो, म्हणजे तुमच्या आरटीओमध्ये. तो इथल्या दुकानातून मिळणार नाही. भारतातून येणारं कोणी गाडी चालवणार असेल तर तो तिकडूनच काढून आणायला सांगा आणि त्यांचं नाव इन्शुरन्समध्ये घाला. भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतोच, हे वेगळं सांगायला नको, पण व्हिसाच्या तारखा गाडीच्या बुकिंगशी जुळतात ना, ते बघा.

गाडीत ठेवायच्या वस्तू

फ्रान्समध्ये धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. नसेल तर १३५ युरो दंड. जॅकेट डिकीत ठेवून चालत नाही. गाडी बंद पडल्यावर बाहेर पाय ठेवायच्या आधी ते अंगावर हवं, म्हणून हाताशी ठेवा. आमचा आग्रह माणशी एक, आजी-आजोबा आणि लेकरांसकट.

दारू तपासायची नळी घेऊ नका. फ्रान्सने २०१२ मध्ये ती बाळगायची सक्ती आणली, न बाळगणाऱ्याला दंड कधी केला नाही आणि २०२० मध्ये सक्ती काढूनही टाकली. पेट्यांमध्ये ती अजून असते. दारूची मर्यादा मात्र इंग्लंडपेक्षा कडक आहे : इंग्लंडमध्ये लिटरभर रक्तात ०.८ ग्रॅम, फ्रान्समध्ये ०.५ आणि नव्या ड्रायव्हरला ०.२. गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये, हे आमचं मत.

सॅटनॅव्ह किंवा मोबाइल स्पीड कॅमेऱ्याची सूचना देत असेल तर फ्रान्समध्ये ती बंद करा, बेकायदा आहे.

मुलांच्या सीटचे नियम वेगळे आहेत आणि इथे चूक करू नका. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर सीट लागते. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर. म्हणजे १४० सेंटिमीटरची दहा वर्षांची मुलगी इथे साध्या सीटवर बसते, जर्मनीत तिला बूस्टर हवा. फ्रान्समध्ये १० वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवत नाहीत.

हिवाळ्यात आल्प्सकडे

फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च विंटर टायर किंवा साखळ्या लागतात. जर्मनीत तारखा नाहीत, रस्त्यावर बर्फ किंवा गोठण असेल तर विंटर टायर हवेतच. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेला टायर चालत नाही, तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण लागते. साखळ्या घेतल्या तर घराच्या अंगणात एकदा चढवून बघा. अंधारात, बर्फात, बोटं गारठलेली असताना पहिला प्रयोग करू नये.

शहरं आणि टोल

लंडनच्या यूलेझची, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणाऱ्या हद्दीची, सवय आहे, तसंच तिकडेही असतं, फक्त कॅमेऱ्याऐवजी बऱ्याच ठिकाणी काचेवर स्टिकर लागतो. फ्रान्सच्या काही शहरांत क्रिट-एअर, म्हणजे गाडीचा प्रदूषणाचा वर्ग दाखवणारा स्टिकर, जर्मनीच्या बर्लिन, कोलोन, म्युनिकसारख्या शहरांत हिरवा स्टिकर. ब्रसेल्स आणि अँटवर्पमध्ये स्टिकर नाही, पण परदेशी गाडीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते. नियम शहरागणिक वेगळे आणि बदलते आहेत, म्हणून जायच्या महिनाभर आधी बघा. स्टिकर सरकारी वेबसाइटवरूनच मागवा. दलालांच्या साइट कित्येक पट पैसे घेतात.

स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी वर्षाचा एकच पास आहे, ४० फ्रँकचा. दोन दिवस गेलात तरी तोच. तो आता ऑनलाइनही मिळतो.

फ्रान्समधल्या टोलच्या खिडक्या डावीकडे असतात, आपलं स्टिअरिंग उजवीकडे. शेजारी बसणाऱ्याने कार्ड हातात तयार ठेवायचं. एकटे जाणार असाल तर टोलचं टॅग मशीन काचेवर लावून घ्या. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए१३ आणि ए१४ वर तर नाकीच उरलेली नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. पावती आली नाही म्हणजे टोल लागला नाही, असं समजू नका.

फ्रेंच मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला तिथे यायची परवानगी नसते. नारिंगी फोनवरून किंवा ११२ वर कळवायचं, सरकारमान्य टो-ट्रक येतो, गाडी मोटरवेबाहेर नेतो. त्याची पावती जपून ठेवा, बऱ्याच पॉलिसी ते पैसे परत देतात.

तेल भरताना

फ्रान्समध्ये ‘गाझोल’ आणि स्पेनमध्ये ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. गॅसोलीनसारखं वाटतं आणि पेट्रोलच्या गाडीत डिझेल जातं. शब्दावर जाऊ नका, आकार बघा : पेट्रोलच्या पंपावर गोल खूण असते, डिझेलच्या चौकोनी. चुकलंच तर गाडी चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका.

इलेक्ट्रिक गाड्यांचे टाइप-२ आणि सीसीएस हे प्लग तिकडेही तेच आहेत. घरच्या तीन पिनांच्या चार्जरचा मात्र तिकडे उपयोग नाही. एलपीजीवर चालणारी गाडी फोकस्टनहून बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या रेल्वे शटलमध्ये घेत नाहीत, दुहेरी इंधनाची असली तरी. त्यांनी फेरीने जायचं.

डब्यातलं

ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दूध, त्यापासून केलेले पदार्थही, नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड, दही घरीच ठेवा. साध्या पोळ्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी, लोणचं खुशाल न्या. तान्ह्या बाळाची बंद डब्यातली दूध पावडर माणशी २ किलोपर्यंत चालते.

कायमचे जाणार असाल तर

नोकरी बदलून आइंडहोवन किंवा म्युनिकला जाणारे ग्राहक वाढले आहेत. त्यांना वरचं हे सगळं लागू नाही. तिथे राहायला गेलात की गाडी त्या देशात रजिस्टर करावी लागते, आणि त्यासाठी उजवीकडच्या वाहतुकीचे हेडलाइट, मागचा फॉग लाइट हे खरोखर बदलावं लागतं. गाडी जुनी असेल तर इथेच विकून जाणं बहुधा स्वस्त पडतं. नव्या गाडीचा खर्च आम्ही आधी काढून देतो.

आमच्याकडे येताना

निघायच्या तीन आठवडे आधी या, व्ही५सी सोबत आणा. हेडलाइट, टायर, ब्रेक, कूलंट, स्टेपनी आणि मागचा स्टिकर बघायला पाऊण तास लागतो. तुम्ही थांबलात तरी चालेल. त्रिकोण आणि जॅकेट घरात असेल तर ते घेऊन या, नवीन घ्यायला लावणार नाही.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी हेडलाइटचे स्टिकर काढा किंवा मेन्यूतली सेटिंग पूर्ववत करा, नाहीतर आता इथल्या लोकांच्या डोळ्यांत लाइट जाईल. स्टिकर निघत नसेल तर कोमट पाण्याचं फडकं काही मिनिटं दाबून धरा. ब्लेडने खरवडू नका, प्लॅस्टिकच्या काचेवरचा थर जातो आणि दिवा कायमचा धूसर होतो.