कमानीखालची वाट: मुंबईच्या फोर्टमधला बाजार सावरला त्यामागचा इतिहास

सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून वर या आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालू लागा. जुलैच्या धो-धो पावसातही बऱ्याच अंतरापर्यंत छत्री मिटून हातात धरता येते. एका हाताला दुकानं, दुसऱ्या हाताला दगडी खांब आणि डोक्यावर कुणाच्या तरी कचेरीचा मजला. रोज लाखो माणसं या वाटेने जातात, पण ती कुणी सोडायला लावली आणि मधल्या काळात ती कशी हरवत गेली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीला काही वास्तुरचनाकार, रहिवासी आणि दुकानदार फोर्टचा हा जुना व्यापारी भाग सावरायला पुढे आले, ते एक जुना करार पुन्हा जागा करत होते. तो करार समजायचा तर किल्ल्याच्या तटापर्यंत मागे जावं लागतं.

फोर्ट हे नाव किल्ल्याचंच. 1860 च्या दशकापर्यंत मुंबईचा बराचसा मोठा व्यापार तटबंदीच्या आत कोंबलेला होता. बार्टल फ्रियर 1862 मध्ये गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडायला घेतला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशाच्या जोरावर तटाखालची जमीन मोकळी करून तिथे रुंद रस्ते आणि सरकारी इमारती आखल्या गेल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. आखणी मात्र कायम राहिली. किल्ल्याच्या वेशींपैकी चर्चगेट आणि बाजारगेट आजही नावाने जिवंत आहेत. चर्चगेटच्या वेशीच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकातलं कारंजं, उभं राहिलं.

जुना हॉर्नबी रस्ता, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता किंवा रोजच्या बोलण्यातला डी. एन. रोड, या घडामोडीत रुंद झाला. 1896 मध्ये सरकारने या रस्त्यावर बांधणाऱ्यांना अट घातली की तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींची वाट सोडायची. वरचा दर्शनी भाग ज्याने त्याने आपल्या आवडीने सजवावा. म्हणून इथे एका घुमटाशेजारी टोकदार गॉथिक खिडक्या येतात, त्यांच्या पलीकडे ग्रीक धाटणीचे खांब आणि मध्येच वाच्छा अग्यारीच्या दारातले पंखवाले इराणी बैल. प्रत्येक मालकाची हौस वेगळी, पण खालच्या कमानी सगळ्यांना एका ओळीत बांधून ठेवतात. मला या रस्त्याचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं. ऊन आणि पाऊस दोन्ही सोसणाऱ्या शहरात पायी चालणाऱ्याला छप्पर मिळालं, दुकानाला गिऱ्हाईक मिळालं आणि मालकाला वर मजले चढवता आले. हाच तो जुना करार.

याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला, हुतात्मा चौक ओलांडला की काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला पुतळा 1879 मध्ये इथे उभारला गेला. तो अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. लोकांनी राजपुत्राला बाजूला ठेवलं आणि घोड्याचं नाव चौकाला देऊन टाकलं. 1965 मध्ये पुतळा हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. बसवाले, टॅक्सीवाले आणि कचेरीत जाणारे मात्र काळा घोडाच म्हणत राहिले. घोडा नसलेला काळा घोडा अर्धं शतक त्या नावाने नांदला. पुतळ्याच्या जागी पार्किंग आलं.

मग या भागाला अवकळा कशी आली? दोष एकट्याचा नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तो भाडेकरूंना आधार होता आणि तेव्हा त्याची गरज होती. पण तो दुकानांना आणि कचेऱ्यांनाही लागू होता, आणि दशकांमागून दशकं तसाच चालू राहिला. रस्त्यावरच्या मोक्याच्या गाळ्याचं महिन्याचं भाडं मालकाला दरवाजाचा एक कब्जा बदलायलाही पुरेना. पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, गाळे फिरत राहिले, पोटभाडेकरू आले, एका मोठ्या गाळ्याचे लाकडी फळ्या मारून चार झाले. मालक म्हणायचा, भाड्यात गच्चीची गळती थांबत नाही. भाडेकरू म्हणायचा, इमारत माझी नाही. दोघांचंही खरं होतं, आणि पाणी दगडात मुरत होतं.

त्यात 1970 च्या दशकात नरिमन पॉइंटला नवे मनोरे उभे राहिले, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आलं, आणि मोठ्या कंपन्या तिकडे सरकत गेल्या. फोर्टमध्ये वकील, स्टेशनरीवाले, घड्याळवाले, कॅमेरेवाले, चष्मेवाले, इराणी हॉटेलं आणि झेरॉक्सवाले राहिले. संध्याकाळी सातनंतर रस्ता ओस पडू लागला.

1984 मध्ये अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली आणि फोर्टच्या इमारतींचा, रस्त्यांचा, वापराचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. नागरी संस्थांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 1995 मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशातल्या कुठल्याही शहराची ही पहिली नियमावली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, त्यांना श्रेणी मिळाल्या, आणि वारसा समितीला विचारल्याशिवाय पाडापाडीला आळा बसला. पण या नियमाचा हात पाडापाडीपर्यंत पोचत होता. इमारत उभी असूनही दिसत नव्हती, त्याचं काय करायचं ते यादीत नव्हतं.

इमारत दिसत नाही म्हणजे काय, ते एका कमानीपुरतं बघू. दगडाच्या दोन खांबांवर अर्धगोल कमान, माथ्यावर कोरीव कळीचा दगड, खांबांच्या डोक्यावर पानाफुलांचं काम. आता त्यावर आठ-दहा फूट लांब पत्र्याची पेटी ठोका, आत ट्यूबलाइट, वर प्लास्टिकचा पत्रा, त्यावर दुकानाचं नाव. पेटी टांगायला दगडात लोखंडी खिळे घातले, ते गंजून फुगले, दगडाची कपची निघाली. शेजारच्याची पेटी थोडी पुढे, म्हणजे याला आणखी पुढे यावं लागलं. वरच्या मजल्यावरच्या क्लासची पाटी त्यावर, त्यावर एसीचा खोका, खाली मेणकापडाचं छप्पर, खांबाला वायरींचा वेटोळा. असं कमानीमागून कमानीला होत गेलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्यांची एक सलग भिंत तयार झाली.

डी. एन. रोडचं काम इथून सुरू झालं. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी पाट्या, दिवे, बाकं, खांब यांच्यासाठी रस्त्याची रीतसर मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. मांडणी सोपी होती: पाटी कमानीच्या आत बसवा, दगड झाकू नका, आणि आकार इमारतीच्या मापाने ठरवा. पुस्तिका छापून काम होणार नव्हतं. क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जेमतेम दीड किलोमीटर रस्ता, पण त्यावर दुकानं शेकडो, आणि प्रत्येक दुकानदाराची भीती एकच: पाटी लहान झाली तर गिऱ्हाईक मला ओळखणार कसं? ही भीती वेडगळ नव्हती. शेजाऱ्याची पेटी तशीच राहिली आणि आपणच ती उतरवली, तर नुकसान आपलंच. म्हणून एकेका दुकानाशी बोलत, शेजाऱ्यांना एकत्र पटवत पुढे जावं लागलं. पालिकेच्या वॉर्ड पातळीवरच्या अधिकाऱ्यांनी नियमाचा धाक मागे उभा केला, आणि दुकानदारांनी नव्या पाट्यांचा खर्च स्वतःच्या गल्ल्यातून केला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. एरवी वारसा म्हटलं की सरकारी निधीची वाट बघितली जाते. इथे रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाने पदरमोड केली. पेट्या उतरल्या तशा मागच्या कमानी उघड्या पडत गेल्या.

पुढे देखभालीसाठी रस्त्यावरच्या मालक-भाडेकरूंना सोबत घेऊन हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याच्या कामाचा गौरव झाला. त्याच वर्षी शेजारचं आपलं सीएसटी जागतिक वारसा यादीत गेलं.

काळा घोड्याची वाट थोडी वेगळी. तिथे माल होता तो कलेचा. 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, शेजारी वस्तुसंग्रहालय, कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 साली सुरू झालेली आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी, डेव्हिड ससून ग्रंथालय, मॅक्सम्युलर भवन, सगळं पाच मिनिटांच्या चालीवर. वारसा यादीने हा तुकडा वेगळा परिसर म्हणून ओळखला होताच. 30 ऑक्टोबर 1998 रोजी काळा घोडा असोसिएशनची नोंदणी झाली आणि 1999 मध्ये पहिला महोत्सव भरला. हिशेब साधा: लोकांना फुकट बोलवायचं, प्रायोजकांकडून पैसा उभा करायचा, आणि उरलेल्या पैशातून इथल्याच वास्तूंची डागडुजी करायची. नाटक, नृत्य, साहित्य, मुलांच्या कार्यशाळा अशा एकेका विभागाची जबाबदारी त्या क्षेत्रातली माणसं स्वयंसेवक म्हणून घेतात, आणि कॉलेजची मुलं नऊ दिवस गर्दी सांभाळतात. रॅम्पार्ट रोवर, म्हणजे के. दुभाष मार्गावर, त्या दिवसांत गाड्या बंद. सातनंतर ओस पडणाऱ्या भागात रात्री मुलांना खांद्यावर घेतलेले बाप दिसू लागले. डोंबिवली-विरारहून लोक केवळ फिरायला फोर्टात येऊ लागले, आणि भोवतालच्या बंद गोदामांत, जुन्या गाळ्यांत हॉटेलं नि गॅलऱ्या सुरू झाल्या.

याच यशातून नवे प्रश्न निघाले, आणि ते सांगितल्याशिवाय पार्श्वभूमी पुरी होत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणाबाहेर काढल्या. काही मालकांच्या हाती पहिल्यांदाच दुरुस्तीपुरता पैसा आला. सोबत भाडीही चढली. जहांगीरमधलं समोवार हे कॅफे 2015 मध्ये बंद झालं, चौकातलं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या कॅसेटचं दुकान 2016 मध्ये. कॅसेटसाठी या दुकानात तासन्‌तास उभी राहिलेली एक अख्खी पिढी आहे. तिला नव्या कॅफेने काय मिळणार?

फेरीवाल्यांचं दुखणं आणखी खोल. 2005 मध्ये फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते पालिकेने उठवले. शहरातल्या कितीतरी विद्यार्थ्यांचं ग्रंथालय तो फूटपाथ होता. कमानीखालच्या वाटेत माल मांडला की चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं, हे खरं. पण घड्याळाचा पट्टा बसवून देणारा, पाकिटं विकणारा हाही या बाजाराचाच भाग आहे, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याचा हक्क मान्य केलेला आहे. नागरी संघटनांनी या माणसांना बैठकीत बसवायला हवं होतं, त्यापेक्षा फारच कमी वेळा बसवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाटीचा विषयही संपलेला नाही. दुकानांवर मराठी देवनागरीतली अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, हा नियम 2022 मध्ये सगळ्या दुकानांना लागू झाला. तो योग्यच आहे. डी. एन. रोडवर मात्र जागा कमानीएवढीच. तेव्हा इंग्रजी अक्षरांनी आक्रसावं, दगडावर चढू नये, हा मार्ग उरतो, आणि काही दुकानांनी तो नीट काढलेला दिसतो.

2017 मध्ये काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने चौकात पुन्हा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच जे ठरवलं होतं, तेच शिल्पात उतरलं. पुढच्या वर्षी ओव्हल मैदानाभोवतीचा गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. त्या प्रस्तावामागेही रहिवाशांच्या आणि नागरी संस्थांच्या अनेक वर्षांच्या बैठका होत्या.

आज डी. एन. रोडवरून जाताना मान वर केली की काही कमानी स्वच्छ दिसतात, काहींवर पुन्हा फ्लेक्स चढलेला असतो. गाळा हातबदल झाला की नव्या भाडेकरूला जुनं बोलणं माहीत नसतं. तो आपल्या ओळखीच्या पेंटरला बोलावतो, पेंटर पेटीचं माप घेतो. तेव्हा कुणीतरी पुन्हा त्या दुकानात जाऊन, चहा घेऊन, कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड दाखवून सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं.